ताई, तुम्ही परत कधी जाणार?

“मी सेवेसाठी इथे आले, पण पाच महिने झाले तरी गाव मला पाहुणीच समजते. माझ्या श्रद्धेतच काही कमी आहे का?” असे विचारणारी सत्तावीस वर्षांची एक कार्यकर्ती सल्ल्यासाठी माझ्याकडे आली होती. पुनर्वसनाच्या कामासाठी बाहेरगावाहून आलेल्या अनेकांच्या मनात हीच चिंता असते, म्हणून तिच्या संमतीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

सप्टेंबर 2025 च्या पुराने परंडा तालुक्यात सीना नदीकाठची शेते मातीसकट खरवडून नेली आणि विहिरी गाळाने भरल्या. कोकणातल्या वारकरी घरातली ही मुलगी एका धार्मिक न्यासाच्या वतीने तिथे राहायला गेली. दिवसभर घरोघरी नोंदी घेणे, बियाण्यांचे वाटप करणे आणि रात्री खोलीवर एकटीने हरिपाठ म्हणणे, असा तिचा दिनक्रम होता. पुढे हरिपाठही सुटला आणि त्याचा अपराधीपणा तिला झोपू देईना.

मी श्रद्धेकडे वळण्याआधी तिला एका दिवसाचे बारीकसारीक वर्णन करायला सांगितले. तेव्हा कळले, की ती कुठल्याच घरी चहा घेत नसे. ज्यांचे सर्वस्व वाहून गेले त्यांच्याकडून काही घेणे तिला पाप वाटे, आणि पुरानंतरच्या दूषित पाण्याच्या भीतीने पाण्याची बाटली ती स्वतःची नेई. एका वस्तीवरच्या आजींनी कोऱ्या चहाचा स्टीलचा पेला तिच्यापुढे ठेवला होता. तिने हात जोडून नको म्हटले, तेव्हा आजी पेला उचलत एवढेच म्हणाल्या, “आमच्या घरचं चालत नाही व्हय तुला?”

तिला हा प्रश्न साधा आग्रह वाटला होता. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे नाही, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसांची किंमत ठरवली गेली आहे, आणि त्या वस्तीने ते सोसले आहे, हे मी सांगितल्यावर ती रडली. तिचा हेतू निर्मळ होता, यात मला शंका नव्हती. पण पेला परत जाताना आजींना तो हेतू दिसणार कसा? उकळलेला चहा घ्यायला आरोग्याच्या दृष्टीनेही अडचण नव्हती.

“ताई, तुम्ही परत कधी जाणार?” हा प्रश्नही तिला रोज बोचत असे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर मी लातूरमध्ये शिकत होते. मदतीला आलेल्यांची गर्दी काही आठवड्यांत कशी ओसरली आणि घरे उभी राहायला पुढे किती वर्षे लागली, हे मी पाहिले आहे. त्यामुळे हा प्रश्न तिला हाकलण्यासाठी नसून, जीव लावावा की नाही हे ठरवण्यासाठी असावा, असे मला वाटले. त्याला खरी तारीख सांगणे हेच उत्तर, असे मी सुचवले.

हरिपाठ तिने स्वतःसाठी पुन्हा सुरू करावा, गावाला जवळ आणण्याचे साधन म्हणून नव्हे, हेही आम्ही बोललो. मदतीच्या यादीशी देवाचा संबंध आहे असा संशय कोणालाही येता कामा नये, याबाबत मी आग्रही आहे. आठवड्याचा एक दिवस कामाविना ठेवायचे ठरले. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक बिघडलेली राहिली, तर डॉक्टरांना भेटायचे किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोलायचे, हेही मी तिला लिहून दिले.

चौथ्या भेटीत ती सांगत होती, की आजींकडे आता तिचा चहा ठरलेला आहे आणि चुलीपाशी बसून ती भाकरी थापायला शिकते आहे. मे महिन्याच्या अखेरीस काम संपेल, हे तिने आजींना सांगून टाकले होते. त्यांनी हातातले पीठ परातीत ठेवले आणि म्हणाल्या, “म्हंजी मिरगाला नसणार तू.” एवढे सांगून ती बराच वेळ गप्प बसली, आणि मीही तिला बोलते करण्याची घाई केली नाही.