बरोबरीसाठी मारामारी?

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांखालील गटात बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळते. डाव बरोबरीकडे झुकला की पटापट मोहऱ्यांची मारामारी (म्हणजे मोहऱ्याला मोहरा मारून अदलाबदल) करते आणि बऱ्याचदा हरून बाहेर येते. वर सांगते, ‘डिंग लिरेनही असाच हरला!’ सिंगापूरच्या त्या डावात नेमकं काय झालं?
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, लेकीने उदाहरण मात्र अचूक उचललंय! १२ डिसेंबर २०२४, चीनचा तेव्हाचा जगज्जेता डिंग आणि आपला गुकेश यांच्यातल्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा आणि शेवटचा डाव. गुण ६.५–६.५. डिंगकडे पांढरी मोहरी. गुकेशचं एक प्यादं जास्त, पण दोघांकडेही एकेक हत्ती आणि पांढऱ्या घरांतला उंट. प्यादी सगळी पटाच्या एकाच बाजूला. अशा वेळी कमी प्यादं असलेला खेळाडू सहसा तग धरतो. बघणाऱ्याला झोप येते, पण धरतो.

५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ २ या घरावर आणून हत्तींची मारामारी मागितली. त्याचा उंट मात्र ए ८ वर, पार कोपऱ्यात, आणि तिथून सुटायला एकच तिरकी रेषा. हत्ती गेले आणि गुकेशने आपला उंट डी ५ वर, नेमका त्याच रेषेत आणून बसवला. पांढरा उंट बी ७ ला जावो की सी ६ ला, मार चुकत नाही. म्हणजे उंटही गेले. उरले राजे आणि प्यादी, दोनास एक! हत्ती-उंट असताना जे प्यादं नुसतं टोचत होतं, तेच आता डाव जिंकून देणारं ठरलं. ५८व्या चालीला काळा राजा ई ५ वर, ई ३ वरच्या पांढऱ्या राजासमोर. चाल डिंगची, म्हणजे वाट सोडून काळ्या राजाला आत येऊ देणं भाग. त्याने डाव सोडला आणि गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला.

यावरून डिंगला हसणाऱ्यांचा मला राग येतो. अडीच आठवडे असे डाव खेळून बघा म्हणावं.

लेकीला एकच सवय लावा. शेवटच्या मोहऱ्या मारण्याआधी मनातल्या मनात पटावर फक्त राजे आणि प्यादी ठेवायची. तो डाव वाचतोय का? नसेल, तर हत्ती हलवत बसायचं, कंटाळा आला तरी. बरोबरी हवीच असेल तर ती तोंडाने मागता येते की! आधी चाल करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. समोरचा ‘नाही’ म्हणाला तर पुन्हा पुन्हा विचारून त्याला त्रास द्यायचा नाही. पंच दंड करू शकतात.