आधी सांग, तुलना कशाशी?

प्रिय मुली,

पॅरामेशियम या एकपेशीय जीवावरची नैसर्गिक किरणं, म्हणजे अवकाशातून आणि खडकांतून सतत येणारी, अडवली की त्याची वाढ मंदावते, मग माशांचे भ्रूण खाणीत मोठे कसे झाले, असं विचारतेस आणि त्याच दमात विषय बदलू का म्हणतेस. विषय राहू दे. प्रश्न बदल.

कॅनडात सडबरीजवळ निकेलच्या खाणीत, दोन किलोमीटर खोल, स्नोलॅब ही प्रयोगशाळा आहे. तिथे वाढवलेले लेक व्हाइटफिश या माशाचे भ्रूण लांबीला आणि वजनाला वर जमिनीवर वाढवलेल्यांपेक्षा जास्त भरले, फरक १० टक्क्यांपर्यंतचा. तू 'किरणं कमी, वाढ जास्त' असं लिहून मोकळी झालीस. अगं, तुलना कशाशी? खाली फक्त किरणंच कमी आहेत का? हवेचा दाबही वरच्यापेक्षा बराच जास्त आहे. अवकाशातल्या किरणांमुळे येणारे म्युऑन कण खडक जवळजवळ सगळे अडवतो, पण रेडॉन हा किरणोत्सारी वायूही तोच सोडतो. आणि अंड्याच्या आतलं किरणोत्सारी पोटॅशियम-४० तर कुठेही नेलंस तरी सोबतच.

हा मासा शरद ऋतूत अंडी घालतो, भ्रूण हिवाळाभर गार पाण्यात सावकाश वाढतो. पारदर्शक कवचातून डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसायलाच कितीतरी आठवडे जातात. एवढ्या काळात पाणी जरा उबदार राहिलं तरी सगळं वेळापत्रक पुढे सरकतं. एकाच मादीची अंडी दोन्हीकडे वाटलीस का? लिफ्टमधून खाली जाताना बसणारे हादरे वरच्या अंड्यांनाही दिलेस का? नसतील, तर तुलना कशाशी करतेयस?

याच हट्टापायी 'हिला पेपर काढायची घाई नाही' असा शिक्का माझ्यावर बसला. माझ्यामागून आलेले पुढे गेले. वाईट वाटलं, अजून वाटतं, खोटं कशाला बोलू? पण माझ्या नावावरचा एकही आलेख मला कधी झाकावा लागला नाही, आणि हे मी तुला मुद्दाम ऐकवतेय.

तुझी मेहनत मला दिसते, म्हणून तर एवढं चिडून लिहितेय. आता असं कर. वरच्या अंड्यांचा एक गट खालच्याइतक्या दाबाखाली ठेव. आणि खाली, एका गटाला क्षीण किरणोत्सारी स्रोताने वरच्याइतकी किरणं परत दे. जास्तीची वाढ तिथे नाहीशी झाली, तर किरणांचं नाव घे. नाही झाली, तर दाबाकडे बघ, पाण्याकडे बघ.

गुरुवारपर्यंत कंट्रोल गटांची, म्हणजे तुलनेसाठीच्या गटांची, यादी पाठव. निष्कर्षाचं पान तोवर कोरं राहू दे.

तुझी,
मॅडम