टुंग वाजतं अन् डिस्क गायब

उन्हाळा लागला की या सदराकडे एकाच तक्रारीची पत्रं वाढतात, लॅपटॉपला यूएसबीने लावलेली वस्तू आपोआप निघून जाते आणि स्वतःच परत येते. या वेळी त्यातली चार घेतली. पहिल्याला जागा जास्त दिली कारण तिथे लोकांच्या लग्नाचे फोटो अडकलेत.

प्रश्न : दादा नमस्कार, माझा नागपूरच्या महाल भागात छोटा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाची कामं करतो. १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे, तीन वर्षं झाली. आता काय होऊन राहिलं की लावली की दिसते, फोटो कॉपीला टाकले की पाच-दहा मिनिटांत टुंग वाजतं अन् डिस्क गायब, मग आपोआप येते, परत जाते. दोनदा तर "फॉरमॅट करा" असंही विचारलं. बर्डीवर एका दुकानात दाखवली तर म्हणाले डिस्क गेली, नवीन घ्या. दोन लग्नांचे फोटो पार्टीला द्यायचे बाकी आहेत, रात्री झोप नाही. काय करू? (एक फोटोग्राफर, महाल)

उत्तर : भाऊ, सगळ्यात आधी एक काम, तो फॉरमॅटचा चौकोन परत आला की कॅन्सल दाबा, दरवेळी, न चुकता. डिस्कवर काहीतरी लिहिणं चालू असताना तिचा संपर्क मधेच तुटला की कोणती फाइल कुठे आहे त्याची यादी अर्धवट राहते, विंडोजला ती वाचता येत नाही म्हणून ते फॉरमॅट सुचवतं, पण फोटो बहुतेक वेळा आत जसेच्या तसे असतात. आमच्या घरी आजीचा एकच व्हिडिओ होता, जात्यावरच्या ओव्या म्हणतानाचा. त्याची डिस्क अशीच तुटत होती, दुकानातल्या मुलाने "ठीक करून देतो" म्हणून फॉरमॅट मारला. नंतर कळलं की खराब वायर होती, डिस्क नाही, ती डिस्क आजही चालते, व्हिडिओ तेवढा नाही. म्हणून इतकं जोर देऊन सांगतोय.

आता मूळ गोष्ट. तुमच्या डिस्कला वेगळा अडॅप्टर नाही ना? म्हणजे आतली मोटर फिरवायला लागणारी सगळी वीज ती लॅपटॉपच्या त्या एका पोर्टातून घेते. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा, ज्यात आत बरेचदा निळं प्लास्टिक दिसतं, तो ९००, आणि मोटर उठते त्या क्षणी बऱ्याच डिस्कना एक अँपिअरच्या आसपास लागतं. म्हणजे हिशोब मुळातच काठोकाठ आहे. त्यात केबल जुनी, आतली तार बारीक, वरून एक्स्टेंशन किंवा चार तोंडांचा हब, की पाच व्होल्ट डिस्कपर्यंत पोहोचेपर्यंत कमी होतात आणि डिस्क मान टाकते. नुसती दिसते तेव्हा काम कमी असतं म्हणून टिकते, कॉपी टाकली की जाते. तुमचं लक्षण हुबेहूब हेच आहे, त्यामुळे "डिस्क गेली" हे मला इतक्या लवकर पटत नाही.

डिस्कच्या बाजूची पिन बघा, चपटी, रुंद, दोन तुकडे जोडल्यासारखी. ही पिन सगळ्यात आधी सैल होते, आणि तुमच्यासारखी रोज बॅगेत टाकून हॉलवर नेणाऱ्यांची तर हमखास. कॉपी चालू नसताना, डिस्क टेबलावर सपाट ठेवून, पिनेला बोटाने अगदी हलकं वर-खाली करा. दिवा लुकलुकला किंवा टुंग वाजलं तर चोर सापडला. नवीन केबल घ्या, जेवढी आखूड तेवढी चांगली, एक-दीड फुटाची पुरे, आणि घेताना सांगा की हार्ड डिस्कची यूएसबी ३ ची पाहिजे. नव्या केबलनेही पिन हलतच असेल तर मग डिस्कवरचा सॉकेट सैल झालाय, तो सोल्डर करणारा माणूस बघावा लागेल, पण तेही डेटा काढून झाल्यावर.

नंतर क्रमाने जा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळतच नाही. हब काढून डिस्क थेट लॅपटॉपला, चार्जर लावलेला. तरी गेली तर दुसऱ्या बाजूचा पोर्ट. तरी गेली तर नवीन केबल. तरीही गेली तर दुसऱ्या कोणाचा लॅपटॉप. दुसऱ्या लॅपटॉपवर तासभर गुण्यागोविंदाने चालली तर दोष तुमच्या लॅपटॉपचा किंवा त्याच्या सेटिंगचा, त्याचं पुढच्या उत्तरात लिहिलंय. दोन लॅपटॉप, दोन केबल, तरी तशीच जात असेल तरच डिस्ककडे संशयाने बघा.

जरा वेळ टिकू लागली की लगेच फोटो काढून घ्या, बाकी तपास नंतर. कट-पेस्ट नाही, कॉपी-पेस्ट. अख्खं लग्न एका दमात ओढू नका, हळदीचं फोल्डर, मग लग्नाचं, मग रिसेप्शनचं, असे तुकडे करा म्हणजे मधे तुटली तरी कुठपर्यंत झालं ते कळतं. दुरुस्तीचं चेक डिस्क वगैरे आत्ता चालवू नका, आजारी डिस्कला ते झेपत नाही आणि फायलींची ओळखपाळख बिघडवून ठेवू शकतं, ते कॉपी झाल्यानंतर.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते टाकून डिस्कची तब्येत बघा. निळं आणि गुड असेल तर बरं, पिवळं कॉशन असेल, विशेषतः करंट पेंडिंग सेक्टरच्या, म्हणजे वाचताना अडखळलेल्या तुकड्यांच्या, ओळीत शून्याऐवजी काही आकडा चढला असेल, तर त्या डिस्कवर पुन्हा कोणाचं लग्न ठेवू नका. आणि मधेच टक्-टक्, टक्-टक् असा ठरावीक ठेक्यात आवाज येत असेल तर तिथेच थांबा, केबल काढा, परत लावून बघायचा मोह टाळा. तो आत डेटा वाचणाऱ्या हेडचा आवाज असतो, प्रत्येक वेळी लावल्याने नुकसान वाढतं, तेव्हा फक्त डेटा रिकव्हरीवाला.

एक आपल्या गावचं सांगतो. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं लिहिलेलं असतं. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५, दुपारी वरच्या मजल्यावरच्या खोलीत ४० सहज. तेव्हा मोठी कॉपी सकाळी सहाला लावा, डिस्क गादीवर, लॅपटॉपच्या गरम हवेच्या झरोक्यापाशी किंवा कव्हरमध्ये ठेवून नको, लाकडी टेबलावर मोकळी ठेवा. हात लावल्यावर चटका बसत असेल तर अर्धा तास थांबा.

प्रश्न : मी घरूनच दहावीच्या मुलांचे ऑनलाइन गणिताचे क्लास घेते. लॅपटॉपला चार पोर्टचा हब, त्यात वेबकॅम, लिहायचा पेन टॅबलेट, माउस आणि रिंग लाइट. शिकवता शिकवता सगळंच एकदम बंद पडतं, दोन सेकंदांनी चालू होतं. कधी फक्त पेन टॅबलेट जातो, मी पाच-सात मिनिटं नुसतं बोलत असले की. आणि एक विचित्र म्हणजे कूलर चालू-बंद केला की हमखास होतं. मुलं हसतात हो. (एक शिक्षिका, मानेवाडा)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात तीन वेगवेगळे आजार आहेत आणि तिन्ही तुम्ही स्वतःच नीट वेगळे करून लिहिलेत, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

सगळं एकदम जातं त्याचं कारण रिंग लाइट. बिनअडॅप्टरच्या हबला लॅपटॉपच्या एकाच पोर्टातली वीज मिळते आणि तीच चौघांत वाटायची असते. वेबकॅम, टॅबलेट, माउस थोडक्यात भागवतात, पण दहा वॉटचा रिंग लाइट म्हटला तर पाच व्होल्टवर दोन अँपिअर, हबकडे एवढे नसतातच, मग पोर्ट स्वतःला वाचवायला क्षणभर बंद होतो आणि सगळ्यांना घेऊन जातो. रिंग लाइटला डेटा लागतच नाही, नुसती वीज लागते, तो मोबाइलच्या चार्जरला लावा. आजच लावा, रुपया खर्च नाही.

टॅबलेट एकटा जातो तो विंडोजच्या काटकसरीमुळे. काही वेळ हलला नाही की विंडोज त्याला झोपवतं आणि सगळ्या वस्तू नीट उठत नाहीत. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तुमच्या प्लॅनचं चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड, तिथे यूएसबी सेटिंग्जखाली सिलेक्टिव्ह सस्पेंड दिसेल, बॅटरी आणि प्लग्ड इन दोन्हीला डिसेबल्ड करा. दुसरं, डिव्हाइस मॅनेजर उघडा, सगळ्यात खाली युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स, त्यातल्या प्रत्येक यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब, आणि "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीपुढची टिकमार्क काढा. काही नव्या लॅपटॉपांत हा टॅब किंवा सिलेक्टिव्ह सस्पेंड दिसतच नाही, तुमचं काही चुकलं नाही, त्यांची रचनाच तशी आहे. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून चिपसेटचा ड्रायव्हर (विंडोजला मदरबोर्डशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर) आणि बायोसचा (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) अपडेट घ्या. "तुमचे सगळे ड्रायव्हर अपडेट करतो" म्हणणारी सॉफ्टवेअरं मात्र टाकू नका, त्यांनी बिघडवलेले लॅपटॉप मी पुष्कळ पाहिले.

आता कूलर. याला विचित्र म्हणू नका ताई, नागपुरात हे खूप घरांत होतं, लोक त्याचा संबंध लावत नाहीत एवढंच. कूलरचा पंखा आणि पंप या दोन मोटरी, बटण दाबताना आत ठिणगी पडते, तो झटका त्याच एक्स्टेंशन बोर्डावरून लॅपटॉपच्या चार्जरमध्ये आणि तिथून यूएसबीच्या तारांत शिरतो. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून तो बंद पडत नाही, हब मात्र हडबडतो. खात्री करायची सोपी रीत, चार्जर काढा, नुसत्या बॅटरीवर चालवा आणि कूलर दहा वेळा चालू-बंद करा. एकदाही गेलं नाही तर आपलं बरोबर. मग कूलर वेगळ्या पॉइंटवर, शक्यतो दुसऱ्या भिंतीच्या, आणि लॅपटॉपचा चार्जर तीन पिनचा असेल तर तो दोन पिनच्या कन्व्हर्टरमधून लावू नका, त्याने अर्थिंगच तुटतं. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात का? येत असतील तर वायरमन बोलवून घराचं अर्थिंग तपासून घ्या, हे वेबकॅमपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे, ओला कूलर त्याच अर्थिंगच्या भरवशावर आहे आणि घरात लेकरं असतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्याभोवती कोरडी झाली की अर्थिंग कमजोर पडतं. जुन्या घरांत मोठी माणसं त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची ते उगाच नाही.

हे सगळं करूनही कुरबुर राहिली तरच स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. आणि लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, त्या दमट हवेने पोर्टातल्या पिना काळ्या पडतात.

प्रश्न : वायरलेस माउस एरवी छान चालतो, पण हार्ड डिस्क लावली की अडखळतो, बाण उड्या मारतो, कधी बंदच. माउस बदलला, तेच. (निवृत्त बँक कर्मचारी, धरमपेठ)

उत्तर : काका, माउस परत बदलू नका. यूएसबी ३ वर डेटा वाहतो तेव्हा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट होतो, आणि माउसचं ते नखाएवढं रिसीव्हर त्याच पट्ट्यात ऐकत असतं. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहून ठेवलंय. डिस्क डावीकडे तर रिसीव्हर उजवीकडे लावा. दोन्ही पोर्ट एकाच बाजूला असतील तर फूटभर एक्स्टेंशन केबलने रिसीव्हर डिस्कपासून लांब, माउसच्या जवळ आणा.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला काहीच लावलेलं नसतं तरी दिवसातून कितीतरी वेळा लावल्या-काढल्याचा टुंग-टुंग आवाज येतो. व्हायरस आहे का? (इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, हिंगणा रोड)

उत्तर : बहुतेक नाही. लॅपटॉपचा कॅमेरा, ब्लूटूथ, बोटाचा ठसा घेणारं सेन्सर हे बरेचदा आतून यूएसबीनेच जोडलेले असतात, त्यातलं एखादं तुटतंय. कोणतं ते शोधायला निरसॉफ्टचं यूएसबीडीव्ह्यू फुकट मिळतं, त्यात प्रत्येक उपकरणापुढे शेवटचं कधी लागलं-निघालं त्याची वेळ येते. आवाज आला की घड्याळ बघ आणि तीच वेळ कोणत्या ओळीपुढे आहे ते बघ. सापडलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते उपकरण अनइन्स्टॉल करून लॅपटॉप रीस्टार्ट कर, शटडाउन नाही, कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउनने जुनी अवस्था पूर्ण पुसली जात नाही. झाकण उघड-बंद करतानाच आवाज येत असेल तर बिजागरीतून कॅमेऱ्याकडे जाणारी बारीक केबल घासली असणार, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नकोस, वॉरंटी असेपर्यंत सर्व्हिस सेंटरला ने, आणि नेताना झाकण हलवतानाचा आवाजासकट व्हिडिओ मोबाइलमध्ये काढून ठेव, तिथे नेलं की नेमकं वाजत नाही.