बॉल तुझ्याकडे येत नाही तेव्हा

मालवण, शनिवार सकाळ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. टेनिसच्या त्या स्पर्धेत एकेरीच्या पात्रता फेरीत हरलास, पण दुहेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे सामन्यांच्या यादीत, नाव लागलं. त्यावर तू लिहिलंस, "सर, निदान दुहेरी तरी मिळाली." तो 'निदान' मला रात्रभर टोचत राहिला. सकाळी कोर्टावर रोलर फिरवून झाला आणि तसाच लिहायला बसलो.

१५ हजार डॉलरची का असेना, व्यावसायिक स्पर्धा आहे ती. १६ जोड्यांचा ड्रॉ म्हणजे चार मॅच जिंकल्या की विजेतेपद. दोघांच्या रँकिंगची बेरीज करून प्रवेश ठरतो, म्हणजे तुझं नाव तिथे लागलंय त्यात निम्मा वाटा तुझ्या जोडीदाराचा आहे. आणि तुझ्या एवढ्या लांबलचक मेसेजात त्याच्याबद्दल एवढंच आहे की तो डावखुरा आहे. बाकी सगळं तुझ्या बॅकहँडबद्दल.

२०१९ च्या जानेवारीत मी रात्रीच्या बसने पुण्याला गेलो होतो, बालेवाडीला टेनिसची स्पर्धा बघायला. त्या वर्षी तिथली दुहेरी रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी जिंकली. स्टेडियममध्ये बसल्यावर थोड्या वेळाने मी एक गोष्ट मुद्दाम केली, तू पण करून बघ. बॉलकडे बघणं सोडून दिलं. ज्याच्याकडे बॉल नाही, फक्त त्याच्याकडे बघत राहिलो. जोडीदार सर्व्हिसला उभा असताना नेटवरचा गडी पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो, ती खूण, मग गुडघे वाकवून तयार राहणं, मग रिटर्न येताना एक पाऊल आडवं. दहातल्या सात-आठ वेळा बॉल त्याच्याकडे येतच नाही. तरी तो हलतो. आणि तो हलला म्हणून रिटर्न करणाऱ्याची नजर क्षणभर बॉलवरून सुटते, फटका नेटमध्ये जातो. टाळ्या सर्व्हिस करणाऱ्याला मिळतात. अरे, तो पॉइंट नेटवरच्याने कमावलेला असतो!

दुहेरीचं कोर्ट ३६ फूट रुंद, एकेरीचं २७. दोघांत वाटलं तर प्रत्येकी १८ फूट, म्हणून पोरांना वाटतं सोपं आहे. खरी अडचण त्या १८ आणि १८ च्या मधल्या रेषेवर आहे, जी सर्व्हिस बॉक्सच्या मागे आखलेलीच नाही. मधून गेलेल्या बॉलला दोघंही 'तुझा' म्हणतात आणि बॉल निघून जातो. लहानपणी चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण, ते किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं, ओढायला जायचास ना? दोन दोरांवर दोन रांगा. एका रांगेने घाई केली की जाळं तिरकं होतं आणि मासळी दुसऱ्या बाजूने निसटते. तुम्ही दोघं तसेच बांधलेले आहात. तो बाहेर ओढला गेला की तू मधे सरकायचंस, तो लॉबमागे, डोक्यावरून उंच गेलेल्या बॉलमागे, धावला की तूही मागे यायचंस.

तो डावखुरा आहे हे मोठं भांडवल आहे, त्याचा विचार बसून करा. त्याला ड्यूस कोर्टात, म्हणजे आपल्या उजव्या अर्ध्यात, उभं केलंत तर दोघांचे फोरहँड मधे येतात, मधली वाट बंद. उलट उभे राहिलात तर फोरहँड बाहेरच्या बाजूंना जातात आणि रुंद सर्व्हिसवर रिटर्नला जोर मिळतो. अमेरिकेच्या ब्रायन बंधूंमधला बॉब डावखुरा, तो ॲडव्हान्टेज कोर्टात, म्हणजे डाव्या अर्ध्यात, खेळायचा, आणि त्या जोडीने १६ ग्रँड स्लॅम जिंकली. म्हणून तुम्हीही तसंच करा असं मी म्हणत नाही. तुझा बॅकहँड व्हॉली (टप्पा पडायच्या आधी मारायचा फटका) अजून डळमळीत आहे, मला विचारशील तर मी फोरहँड मधे ठेवीन. पण त्याला विचार. आणि एका सेटमध्ये रिटर्नच्या बाजू बदलता येत नाहीत, तेव्हा कोर्टावर जायच्या आधी ठरवा. ४०-४० झालं की एकच निर्णायक पॉइंट असतो आणि सर्व्हिस समोरच्यांची असेल तर रिटर्न कुणी घ्यायचा ते तुमची जोडी निवडते, तेही आधीच ठरलेलं असू दे. तिसरा सेट नाही, १० पॉइंटांचा टायब्रेक आहे. तिथे चर्चेला वेळ मिळत नाही.

हार्ड कोर्ट आहे, बॉल आपल्या तांबड्या मातीपेक्षा लवकर अंगावर येईल. रिटर्न समोरच्याच्या पायाशी टाक, बाकी तुला येतं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी कोर्टावर कधी सांगितली नाही. मी तुझ्या वयाचा असताना एका स्पर्धेत उपांत्य फेरीत होतो. दुसऱ्या सेटमध्ये जोडीदाराची डबल फॉल्ट झाली, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या, आणि मी मागे वळून त्याच्याकडे बघितलं. बोललो काहीच नाही, नुसतं बघितलं आणि रॅकेट मांडीवर आपटली. तो काही म्हणाला नाही. पण पुढच्या सर्व्हिसपासून त्याने हात आखडता घेतला. बॉल नुसता पलीकडे ढकलत होता, आणि नेटवर उभा असलेल्या माझ्या अंगावर समोरचे फटके मारत होते. आम्ही हरलो ते त्या डबल फॉल्टमुळे नव्हे. माझ्या त्या बघण्यामुळे हरलो. पुढे आम्ही कधी एकत्र खेळलो नाही आणि मी त्याची माफीही मागितली नाही. त्याची सर्व्हिस करण्याआधीची बॉल तीनदा टप्पा पाडायची सवय अजून डोळ्यांसमोर आहे.

त्याची चूक झाली तर पाठ फिरवू नकोस. चालत त्याच्याकडे जा, हातावर हात दे, पुढचा पॉइंट काय खेळायचा तेवढंच बोल. तुझी चूक झाली तर 'सॉरी' म्हणत बसू नकोस, त्याला तुझी समजूत घालायला लावू नकोस.

बोपण्णाने २०१० साली अमेरिकन ओपनच्या पुरुष दुहेरीची फायनल गाठली होती, पाकिस्तानच्या कुरेशीबरोबर. हरले. २०२३ ला पुन्हा तिथेच फायनल, ऑस्ट्रेलियाच्या एब्डनबरोबर, पुन्हा हार. पुढच्याच ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, २०२४ ला, त्याच एब्डनबरोबर जिंकला, वयाच्या ४३ व्या वर्षी. पुरुष दुहेरीतलं त्याचं ते पहिलं ग्रँड स्लॅम. हरल्यावर जोडीदार न बदलता पुन्हा उभं राहणं मला त्यात सगळ्यात मोठं वाटतं.

बक्षिसाची रक्कम जोडीला मिळते, निम्मी निम्मी होईल. खोलीही एकच घ्या, पैसे वाचतील आणि संध्याकाळी एकत्र जेवाल. आईने दिलेलं कुळथाचं पीठ संपलं नसेल तर त्यालाही पिठलं करून घाल.

इथे दुपारचा खारा वारा सुटलाय, धाकटी पोरं लॉबच्या सरावाला आलीत, मला उठायला हवं. सोमवारी मॅच संपली की फोन कर. स्कोअर नंतर सांग, आधी त्याचं नाव सांग.

तुझे सर