"तो पण गणित शिकलाय"

साक्री तालुक्यातली एक आई लेकीला घेऊन धुळ्याला माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, मनी आंडेर येडी त नई व्हई ऱ्हायनी?" लेक बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. रात्री हेडफोन लावून प्रतीक कुहाड या गायकाची गाणी ऐकते आणि म्हणते, याला माझं सगळं कळतं.

आईला बाहेर बसवलं. मग नेहमीचे प्रश्न. झोप होते? जेवण, मैत्रिणी? त्याला मेसेज टाकून उत्तराची वाट बघत जागतेस? ती हसली, "एवढी पण नाही हो." माझी अर्धी काळजी तिथंच मिटली. कलाकाराबद्दलच्या या एकतर्फी जवळिकीवर हॉर्टन आणि वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलंय. तेव्हा विषय रेडिओ-टीव्हीचा होता. हा आजार नव्हे. झोप उडाली, पैसा जायला लागला, जवळची माणसं नकोशी झाली, तर मात्र बघावं.

"त्याच्यात तुझ्यासारखं नेमकं काय गं?" मला वाटलं, प्रेमप्रकरण निघणार. आमच्या धंद्यातली खोडच ती.

"तो पण गणित शिकलाय."

खरंच आहे. जयपूरचा हा मुलगा न्यूयॉर्कला गणित आणि अर्थशास्त्र शिकला नि पुढं गाण्यात रमला. हिला दोन वर्षांपासून गणित नकोसं झालं होतं. घरी बोलायची सोय नव्हती, फी कापसाच्या पैशातून भरलेली.

मी स्पष्टच बोलले. त्याचं गाणं तुझं वाटतं, वाटू दे. त्याचा हिशेब मात्र तुझ्या घराला लावू नकोस. न्यूयॉर्कचं शिक्षण कुठं आणि चार एकर कोरडवाहू कुठं! गाण्यानं धीर येतो. पुढं फॉर्म कशाचा भरायचा, ते वडिलांशी बोलूनच ठरेल.

आईला आत बोलावून विचारलं, "श्रावणात कानबाईची गाणी म्हणताना डोळ्यांत पाणी येतं ना?"

"ते कोणले नई येत!" म्हणाली, आणि लेकीकडे बघत राहिली.

महिन्यानं मुलगी एकटीच आली. घरी सांगून टाकलं होतं. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, "तो गानारा कितला कमावस?"