तुमचे प्रश्न : शहराचं इंटरनेट आणि खांबांचा मालक

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात लाँगमाँट आणि फोर्ट कॉलिन्स या शहरांनी नागरिकांच्या रेट्यातून स्वतःचं फायबर इंटरनेट उभं केलं. त्याबद्दल आलेली ही काही निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

मुलगी लाँगमाँटला असते. तिच्याकडे महिना 50 डॉलरांत 1 गिगाबिट इंटरनेट आहे. ती म्हणते, ‘आम्ही मतदान करून आणलं.’ इंटरनेटसाठी मतदान कशाला लागतं? (पुणे)

कायद्याने लावलं म्हणून. कोलोराडोत 2005 साली झालेल्या कायद्यानुसार शहराला स्वतः ब्रॉडबँड द्यायचं तर आधी स्थानिक मतदान घेऊन मंजुरी मिळवावी लागे. केबल आणि टेलिफोन कंपन्यांना हा कायदा सोयीचा होता, हे वेगळं सांगायला नको. गंमत म्हणजे लाँगमाँटकडे फायबर आधीपासूनच होतं. शहराची वीज शहराच्याच मालकीची, आणि त्या वीज विभागासाठी 1997 मध्ये साधारण 17 मैलांचं फायबरचं कडं टाकलेलं होतं. त्यातल्या बऱ्याच तारा वापराविना पडून होत्या आणि घरोघरी देता येत नव्हत्या.

2009 च्या पहिल्या मतदानात प्रस्ताव पडला, बाजूने जेमतेम 44 टक्के मतं. 2011 मध्ये साधारण 60 टक्क्यांनी तो मंजूर झाला. पण ती फक्त परवानगी होती, पैसा नव्हता. 2013 मध्ये 4 कोटी 53 लाख डॉलरच्या कर्जरोख्यांसाठी पुन्हा मतदान झालं आणि दोन तृतीयांश लोकांनी हो म्हटलं. पुढच्या वर्षी पहिली घरं जोडली गेली. तो जुना कायदा 2023 मध्ये रद्द झाला.

तुमच्या मुलीचा 49.95 डॉलरचा दर बहुधा ‘सुरुवातीच्या सभासदां’चा असावा. आपल्या भागात सेवा आल्यापासून तीन महिन्यांत नाव नोंदवणाऱ्यांना तो मिळाला. ही सवलत वरवर वाटते तशी दिलदारी नव्हती, त्याचं कारण खालच्या एका उत्तरात येईल.

एवढ्या मोठ्या कंपन्यांसमोर नागरिकांच्या गटाने नेमकं काय केलं? (कोल्हापूर)

आधी अडचण समजून घ्या. प्रश्न मतपत्रिकेवर गेला की प्रचारासाठी शहराला सरकारी पैसा वापरता येत नाही. म्हणजे ज्याची योजना, त्याचंच तोंड बंद. बोलणार कोण? तर नागरिक.

फोर्ट कॉलिन्सची 2017 ची लढत बघा. विरोधकांनी 9 लाख डॉलरहून जास्त ओतले. समर्थक नागरिकांच्या समितीचा खर्च 15 हजारांच्या आसपास. तरी 57 टक्के मतं बाजूने पडली. विरोधकांचा सूर असा होता की आधी रस्ते आणि घरं बघा, इंटरनेट कसलं काढता. हा मुद्दा पटकन पटतो, म्हणून त्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं: कर्जरोखे सेवेच्या उत्पन्नातून फेडायचे आहेत, रस्त्यांच्या करातून नव्हे. मात्र इथे प्रामाणिक राहायला हवं. लाँगमाँटच्या रोख्यांमागे ब्रॉडबँडबरोबर वीज विभागाचंही उत्पन्न होतं. इंटरनेट बुडालं असतं तर झळ वीजग्राहकांना लागली असती. ‘नागरिकांना कसलाच धोका नाही’ असं सांगणारा प्रचारक कामाचा नाही, विरोधक तेच वाक्य पकडून त्याला उघडं पाडतात.

आमच्या गटात वाद आहे. एक जण म्हणतो चांगली सेवा द्या, लोक आपोआप येतील. दुसरा म्हणतो, आधी नावं गोळा करा. कोण बरोबर? (नाशिक)

दुसरा.

फायबरमध्ये बराचसा खर्च ग्राहक मिळण्याआधीच होतो, कारण तार शंभर घरांसमोरून न्यावीच लागते, मग त्यातल्या पंचवीस घरांनी जोडणी घेवो की पन्नास. हिशोबापुरते आकडे धरू: एका घरासमोरून तार नेण्याचा खर्च 1,000 डॉलर, आत नेऊन जोडण्याचा 800. चारांतल्या एकाने जोडणी घेतली तर एका ग्राहकामागे 4,000 अधिक 800, म्हणजे 4,800. दोघांतल्या एकाने घेतली तर 2,000 अधिक 800, म्हणजे 2,800. बिलातून चालू खर्च वजा जाता महिना 25 डॉलर उरत असतील, तर पहिल्या ठिकाणी पैसे सुटायला 16 वर्षं, दुसऱ्या ठिकाणी सव्वानऊ वर्षांच्या वर थोडं. व्याज यात धरलेलंच नाही. लाँगमाँटच्या तीन महिन्यांच्या सवलतीमागे हेच गणित होतं. एक गाडी, एक टोळी, एकाच गल्लीत एका फेरीत वीस जोडण्या. त्याच वीस जोडण्यांसाठी वर्षभरात वीस फेऱ्या मारल्या तर खर्च कुठे जाईल बघा.

उलट उदाहरण यूटामधल्या प्रोव्होचं. शहराने सुमारे 3 कोटी 90 लाख डॉलर घालून जाळं उभं केलं आणि सेवा विकायचं काम खासगी कंपन्यांकडे दिलं. हिशोब जमला नाही. 2013 मध्ये ते जाळं गूगलने 1 डॉलरला घेतलं. कर्ज मात्र शहराकडेच राहिलं आणि रहिवाशांच्या बिलात महिन्याला 5.35 डॉलरचा आकार लागत राहिला.

प्रत्यक्ष टाकतात काय? आणि बिघडतं कुठे? (औरंगाबाद रस्ता, अहिल्यानगर)

केंद्रात ओएलटी हे यंत्र, तुमच्या घरात ओएनटीची छोटी पेटी. मधे वीज न लागणारा स्प्लिटर, जो एका तंतूचा प्रकाश 32 घरांत वाटतो. जीपॉन या प्रकारात खाली येताना जवळपास 2.5 गिगाबिट आणि वर जाताना 1.25 गिगाबिट एवढी क्षमता ही 32 घरं वाटून घेतात. सगळे एकाच क्षणी खेचत नाहीत, म्हणून भागतं. नव्या कामात 10 गिगाबिटचं एक्सजीएस-पॉन बघा.

खरी परीक्षा प्रकाशाच्या हिशोबाची. ओएलटीतून साधारण +3 डीबीएम निघतात (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी; डीबी हे वाटेतल्या घटीचं). 1:32 स्प्लिटर एकटाच 17 डीबी खातो. 5 किलोमीटर तंतू दर किलोमीटरला 0.35 प्रमाणे 1.75, सहा स्प्लाइस (तंतूंचे सांधे) 0.1 प्रमाणे 0.6, चार कनेक्टर 0.3 प्रमाणे 1.2. एकूण 20.55 डीबी. म्हणजे ओएनटीला −17.5 च्या आसपास प्रकाश मिळतो. ओएनटी साधारण −27 पर्यंत चालतो, तेव्हा हाताशी नऊ-साडेनऊ डीबी शिल्लक. मग लोकांच्या घरी −29 का दिसतं? कारणं ठरलेली. कनेक्टरच्या तोंडावर धूळ किंवा बोटाचा तेलकटपणा. कपाटामागे कोपऱ्यात चेपलेली केबल. किंवा हिरव्या टोकाच्या कनेक्टरला निळा जोडलेला: हिरव्याचं तोंड 8 अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही बसतात, ‘टक’ असा आवाजही येतो, पण काचेला काच टेकत नाही.

साफ करायला धागे न सोडणारा कागद आणि 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, मग कोरड्या भागाने एकदा पुसा. फुंकर मारू नका, ओल बसते. आणि चालू तंतूच्या तोंडात डोळा घालून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

वेळ सगळ्यात जास्त कशात जातो? (ठाणे)

तार ओढण्यात नाही, जागा मिळवण्यात. खांबावर आधीच वीज, टेलिफोन आणि केबल असते. नव्या तारेला ठरावीक अंतर सोडून जागा हवी, त्यासाठी जुन्या तारा वरखाली सरकवाव्या लागतात, कधी खांबच बदलावा लागतो. जुन्या तारांचे मालक सावकाश येतात, कारण येणारा त्यांचा स्पर्धक असतो. खांब शहराचेच असतील तर निदान एक दार कमी ठोठवावं लागतं. फोर्ट कॉलिन्सला हा फायदाही फारसा नव्हता. तिथली वीज जवळजवळ सगळी जमिनीखालून जाते, त्यामुळे रस्त्याखाली आडवी छिद्रं पाडत आणि पेट्या पुरत जावं लागलं. काम ठरल्यापेक्षा बरंच लांबलं.

आमच्या शहरात असं होईल का? (सांगली)

लाँगमाँटची नक्कल तशीच्या तशी नाही. तिथे खांबांची मालक नगरपालिका आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खांब महावितरणचे, मुंबई बेटावर बेस्टचे. त्यामुळे जवळचा धडा केरळचा: जून 2023 मध्ये सुरू झालेलं राज्य सरकारचं के-फॉन हे फायबरचं जाळं तिथल्या वीज मंडळाच्या खांबांवरून जातं.

नागरिकांच्या गटाने या क्रमाने जावं. आधी प्रभागाचा नकाशा घेऊन प्रत्येक खांबाचा आणि डक्टचा (तारांसाठी पुरलेल्या नळीचा) मालक लिहा. ज्या गल्लीत आताच दोन कंपन्यांचं फायबर आहे ती बाजूला ठेवा. उरलेल्या गल्ल्यांत नाव, पत्ता आणि ‘महिना किती देणार’ हा आकडा सहीसकट घ्या. नुसतं ‘हवं’ म्हणणाऱ्याची सही धरू नका. इंटरनेट विकायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. आजवरच्या वर्गवारीत ‘क’ वर्गाचा परवाना साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्रापुरता असे. गटाने तो स्वतः काढण्यापेक्षा परवाना असलेल्या स्थानिक सेवादाराकडे सह्यांचा गठ्ठा घेऊन जाणं सोपं. रस्ता खोदण्याची परवानगी मागताना 1 जानेवारी 2025 पासून लागू असलेले मार्गाधिकाराचे (तारा टाकायला जागा वापरण्याच्या हक्काचे) नवे नियम हाताशी ठेवा. बाजारपेठ किंवा बसस्थानकापुरतं वायफाय पुरणार असेल तर डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी ही केंद्र सरकारची सार्वजनिक वायफाय योजना बघा. त्यात दुकानदाराला स्वतःचा परवाना लागत नाही.

सोसायटीसाठी एक सूचना. एकाच कंपनीला जिन्यातून केबल खेचू देण्याआधी उभा 40 मिलिमीटरचा पाइप आणि मजल्यागणिक एक पेटी सोसायटीच्या खर्चाने बसवा. पुढच्या कंपनीला तोच मार्ग द्या.

300 मेगाबिटचा प्लॅन आहे, वेग कायम 94 वर अडकतो. कंपनी फसवते का? (सोलापूर)

94 हा आकडाच सांगतो की दुवा 100 मेगाबिटवर अडकला आहे. राउटरचा पोर्ट 100 चा असेल किंवा केबलमधल्या चार जोड्यांपैकी एक तुटली असेल. दुसरी कॅट-6 केबल लावून बघा. तरीही 94 च आले तर राउटर बदला.