सहा फूट तीन इंच उंचीच्या माणसाला जुन्या एमजी-बीमध्ये नीट बसता येईल का?

आपण लिहिले आहे की आपली उंची 6 फूट 3 इंच आहे, मामांकडून 1960च्या दशकातली एमजी-बी ही उघडी (पक्के छत नसलेली) इंग्रजी स्पोर्ट्स गाडी आपल्याकडे आली आहे, गाडीत बसल्यावर गुडघे स्टिअरिंगला लागतात, डोळ्यांसमोर नेमकी काचेच्या चौकटीची वरची पट्टी येते, आणि इंदूरमधल्या एका गॅरेजवाल्याने तळाचा पत्रा कापून सीट खाली घेण्याचा सल्ला दिला आहे. मीही इंदूरचाच आहे आणि जुन्या गाड्यांची सीटे व आतले काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. म्हणून आधी थेट उत्तर देतो: होय, आपण या गाडीत आरामात बसू शकाल, आणि पत्रा मात्र कृपया कापू देऊ नका.

पत्र्याविषयी आधी लिहितो, कारण ते एक काम होऊन गेले तर बाकीच्या सल्ल्याला अर्थ उरणार नाही. एमजी-बीच्या आधीच्या एमजीए या गाडीला वेगळी चॅसी (खालचा लोखंडी सांगाडा) होती आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असे. 1962मध्ये आलेल्या एमजी-बीत ती चॅसीच काढून टाकली आणि बॉडीलाच सांगाडा केले. म्हणूनच पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर 94 इंचांवरून 91 इंचांवर आले तरी आतली जागा वाढली, आणि त्या काळच्या छोट्या इंग्रजी स्पोर्ट्स गाड्यांत ही गाडी उंच माणसाला सर्वांत मानवणाऱ्या गाड्यांपैकी एक ठरली. पण वर छत नसल्यामुळे सगळा ताण दाराखालच्या पोकळ पट्ट्या, मधला बोगदा आणि सीटजवळून आडवी जाणारी तळाची पट्टी यांनाच सोसावा लागतो. तिथे गॅस कटर चालवला की गाडी मधोमध वाकू लागते, दारे अडकू लागतात, आणि जोड देऊन ते पूर्ववत करणे फार अवघड जाते. दुसरी गोष्ट कायद्याची आहे. 2021मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 50 वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाची स्वतंत्र नोंदणी आली, आणि तिची अटच अशी आहे की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. कापलेल्या तळामुळे तो मार्ग आपण स्वतःहून बंद करून घ्याल.

जॅग्वार ई-टाइप या त्याच काळच्या इंग्रजी स्पोर्ट्स गाडीचे उदाहरण देऊन कोणी तळ कापण्याचाच आग्रह धरील, आणि त्यात तथ्य आहे. 1961मध्ये आलेल्या पहिल्या ई-टाइपचा तळ सपाट होता, उंच चालकांना पाय ठेवायला जागा पुरत नसे, म्हणून कारखान्याने 1962पासून पायांशी खोलगट तळ द्यायला सुरुवात केली. मात्र तो बदल कारखान्याने नव्याने घडवलेल्या पत्र्याचा होता, उभ्या गाडीला पाडलेल्या भोकाचा नव्हता.

आता आपल्या शरीराकडे येऊ. उभी उंची हा आकडा या कामात जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण 6 फूट 3 इंचांची दोन माणसे बसल्यावर एकमेकांपेक्षा चांगली दोन-तीन इंच उंच-बुटकी असू शकतात. एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचे धड. कडक स्टुलावर भिंतीला पाठ लावून बसा आणि घरच्या कोणाकडून चार मापे घ्या: बैठकीपासून टाळूपर्यंत, बैठकीपासून डोळ्यांपर्यंत, पाठीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत आणि टाचेपासून गुडघ्याच्या माथ्यापर्यंत. पहिली दोन मापे मोठी निघाली तर आपले भांडण काच आणि वरचा कापडी टप यांच्याशी आहे. शेवटची दोन मोठी निघाली तर स्टिअरिंग आणि पेडल यांच्याशी. हे दोन त्रास वेगळे आहेत आणि त्यांचे उपाय काही ठिकाणी एकमेकांच्या विरुद्ध जातात: सीट खाली घेतली की डोके सुटते, पण बूड खाली गेल्यामुळे गुडघे तुलनेने वर येतात. आपल्या वर्णनावरून दोन्ही त्रास थोडे थोडे दिसतात, म्हणून क्रम सांभाळून काम करावे लागेल.

कारागिराकडे जाण्यापूर्वी एक सुट्टीचा दिवस द्या. चालकाची सीट पूर्ण बाहेर काढा, तळावर प्लायवूडचे तुकडे, कडक फोमच्या चकत्या आणि पाठीला आधार म्हणून एक तिरकी फळी ठेवून बसून पाहा. एकेक थर वाढवत किंवा काढत जा. क्लच पूर्ण दाबलेला असताना डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, पाय ताठ होता कामा नये. खांदे फळीला टेकलेले असताना हात पुढे केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर विसावले पाहिजे. यानंतरची कसोटी बहुतेक जण करत नाहीत आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे: गाडी जॅकवर घेऊन, खाली घोड्या लावून, पुढची चाके अधांतरी करा, स्टिअरिंग अर्धे वळवा आणि उजवा पाय अॅक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर न्या. पाय उचलताना गुडघा वर येतो, आणि त्याच क्षणी तो स्टिअरिंगच्या दांडीवर किंवा आपल्याच मुठीवर आपटत असेल, तर इंदूरच्या राजवाडा चौकातल्या गर्दीत वळताना तो नक्की आपटणार. जी स्थिती या तीनही कसोट्यांना उतरेल तिची मापे लिहून ठेवा. पुढचे सगळे काम सीटला त्या मापात आणण्याचे आहे.

सीट काढल्यावर रेलच्या, म्हणजे सीट ज्यांवर पुढे-मागे सरकते त्या पट्ट्यांच्या, खाली लाकडी पट्ट्या दिसतील. पुष्कळदा त्या तेल आणि पाणी पिऊन काळ्या पडलेल्या, कडेने भुसभुशीत झालेल्या असतात. त्या लाकडी पट्ट्या पातळ केल्या की सीट तेवढी खाली येते आणि गाडीला काहीही इजा होत नाही. मात्र बोल्ट तेवढेच आखूड घ्यावे लागतात, आणि ते 8.8 या जास्त ताकदीच्या दर्जाच्या तोडीचेच घ्या, हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळणारे कोणतेही नकोत. मग सीट उलटी करा. बैठकीच्या चौकटीला हुकांनी ताणलेले रबर असते. इतक्या वर्षांनी त्याला चिरा पडलेल्या असतात आणि ते मधोमध लोंबते. काही उंच मालक हे लोंबणे वरदान समजून तसेच ठेवतात, पण त्यात बूड खड्ड्यात जाते, मांड्या अधांतरी राहतात आणि इंदूरजवळच्या महूपर्यंत जाऊन येईतो कंबर धरते. नवे रबर घाला आणि उंची फोममधून कमी करा.

फोम कमी करण्याची जागा नेमकी सांगतो, कारण कारागीर सवयीने सगळीकडून सारखा थर काढतो. मागच्या दोन-तृतीयांश भागात, जिथे बसण्याची हाडे टेकतात, तिथून एक ते दीड इंच काढायचा आणि पुढची कड होती तशीच ठेवायची. त्यामुळे बूड खाली जाते, मांडीखालचा आधार टिकतो आणि लांब पायांच्या माणसाला त्याच आधाराची सर्वांत जास्त गरज असते. उरलेला थर पातळ असल्यामुळे मऊ फोम चालणार नाही. तो दबून तळाला लागतो. खाली रिबॉन्डेड फोमचा (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला) कडक थर आणि वर अर्धा इंच मऊ, असे सांगा. मूळ फोम फेकून देऊ नका, पिशवीत बांधून नाव घालून ठेवा. इंदूरच्या मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो आणि उघड्या गाडीतले काळे रेक्झिन हात लावू देत नाही, म्हणून जमल्यास बसण्याच्या भागाला श्वास घेणारे कापड लावून घ्या. आराम म्हणजे केवळ जागा नव्हे.

पायांसाठी जागा दोन ठिकाणांहून मिळते. टेकणाच्या (पाठीमागच्या भागाच्या) फोममधून पाऊण इंच काढला की सीट जागेवरून न हलवता आपण पाऊण इंच मागे जातो. कंबरेशी असलेला फुगवटा मात्र काढू नका. दुसरी जागा रेलची. मूळ रेल आणि मागची भिंत यांच्यात बहुधा थोडे अंतर उरते, आणि रेलच्या पट्टीला नवी भोके पाडून ते वापरता येते. भोके रेलला पाडायची, तळाला नव्हेत. मागच्या भिंतीपलीकडे मात्र काही मिळवण्यासारखे नाही. 1974पर्यंतच्या गाड्यांत 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्याही तिथेच खाली बसवलेल्या असतात.

एवढे झाल्यावरही मांडी अडत असेल तर स्टिअरिंगकडे वळा. सुरुवातीच्या एमजी-बीचे स्टिअरिंगचे चाक 16.5 इंच व्यासाचे आहे. 14 इंचांचे चाक लावले तर खालची कड मांडीपासून सव्वा इंच दूर जाते, आणि हा सव्वा इंच सीटमधल्या सगळ्या खटपटीइतका मोलाचा वाटतो. त्याची किंमत हातांना मोजावी लागते: तेवढेच वळवायला सुमारे 18 टक्के जास्त जोर लागतो, आणि या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. चालत्या गाडीत ते जाणवत नाही, गल्लीत गाडी लावताना चांगलेच जाणवते. पुढच्या टायरांतली हवा नेमकी ठेवलीत तर बराच फरक पडतो. मला 14.5 ते 15 इंचांचे चाक अधिक पसंत आहे, कारण त्याहून लहान चाकाची वरची कड उंच माणसाच्या नजरेसमोर मीटरांवर येते, आणि तेलाचा दाब दाखवणारा काटा दिसत नसेल तर जुनी गाडी चालवू नये. टेकण मागे कलवून बसणार असाल तर हात पुरण्यासाठी चाकाचा हबही (चाक दांडीला जोडणारा मधला भाग) थोडा लांब घ्यावा लागेल. मूळ चाक जपून ठेवावे, हे सांगायला नकोच.

पेडलांच्या बाबतीत थोडक्यात: टाचेखालचा गालिचा आणि नमदा काढून पातळ रबरी पट्टी लावा, आणि अरुंद, पातळ तळव्याचे बूट वापरा, कारण तिन्ही पेडले जवळजवळ आहेत आणि आपल्या मापाचा स्पोर्ट्स शू दोन पेडले एकदम दाबू शकतो. क्लच आणि ब्रेकचे दांडे वाकवून जागा करू नका. त्यांची मोकळी चाल हरवली की क्लच घसरतो आणि ब्रेक चिकटतात.

उरला काचेचा प्रश्न. बूड दीड-दोन इंच खाली आणि टेकण थोडे मागे झाले की डोळे पट्टीखाली येतील. काचेच्या मधोमध उभी सळई आहे आणि तिच्यावर आरसा आहे. तो सळईवर वर-खाली सरकतो. उंच चालकाच्या नजरेला तो बरोबर डावीकडच्या चौकाला झाकतो, म्हणून त्याची नवी जागा सीटचे काम संपल्यावर ठरवा, आधी नको. टप लावल्यावर डोके कापडाला लागत असेल आणि मापांतून धडच लांब निघाले असेल, तर मी आपल्याला आशा लावणार नाही: उघड्या गाडीत तेवढी उंची नाही. 1965मध्ये आलेल्या छतवाल्या एमजी-बी जीटीची समोरची काच आणि छत दोन्ही उंच आहेत, तीत हा त्रास फारच कमी होतो. कारखाने उंच माणसासाठी छतच बदलतात असे क्वचित घडते. फोर्ड जीटी 40 ही रेसची गाडी जेमतेम 40 इंच उंच, तिच्यात डॅन गर्नी या उंच चालकाचे हेल्मेट मावेना, तेव्हा छताला त्याच्या डोक्यावर एक फुगवटा दिला गेला, आणि 1967मध्ये फ्रान्समधली ले मान्सची 24 तासांची शर्यत जिंकलेल्या गाडीवर तो फुगवटा होता. आपल्या इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ड्यूसेनबर्ग या अमेरिकी गाडीच्या चॅसीवर लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडी बांधणाऱ्या कंपनीकडून बॉडी बांधून घेतली. तसे माप देऊन गाडी शिवून घेणे सगळ्यांना शक्य नसते, म्हणून आपण सीट शिवून घेतो.

शेवटचे काम पट्ट्यांचे आहे आणि ते टाळू नका. सीट खाली आणि मागे गेली की सेफ्टी बेल्टचे कोन बदलतात. कमरेचा पट्टा पोटावर न चढता कंबरेच्या हाडांवर बसला पाहिजे. खांद्याचा पट्टा खांद्यावरून मागे जवळजवळ आडवा जावा. तो तीव्र उतरत तळाकडे जात असेल तर टक्कर झाल्यावर पाठीचा कणा खाली दाबला जातो. नवा हूक लागणार असेल तर तो जाड पत्र्याच्या तुकड्यावर, बॉडीच्या दुहेरी भागातच बसवा. सुरुवातीच्या एमजी-बीची टेकणे आखूड आहेत, ती आपल्या खांद्यांपर्यंतही पोहोचणार नाहीत, त्यामुळे मागून धक्का बसला तर मान सांभाळायला काहीच नाही. नंतरच्या वर्षांची डोक्याला आधार असलेली सीटे याच गाडीत बसवता येतात. आपली मूळ सीटे गुंडाळून ठेवून रोजच्या वापरासाठी ती जोडी शोधावी आणि वर सांगितलेले फोमचे काम तिच्यावरच करून घ्यावे, असे माझे मत आहे.